श्री नसलेलं पत्र

औंढेकर साहेबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं, तरी मंदाच्या पत्राला त्यांचं उत्तर रोज सकाळी सव्वासातला येत असे. उत्तर एकाच शब्दाचं. "पाहिले."

हयातीच्या शेवटच्या दोन वर्षांतही ते तिला एवढंच लिहीत. त्यामुळे साहेब गेले आणि त्यांच्या खुर्चीवर यंत्र आलं, तेव्हा खडकओढा तलावावरच्या मंदा तौरला फरक असा काही जाणवलाच नाही. तोच शब्द, तीच वेळ. पहिल्या दिवशी उत्तर आलं तेव्हा मात्र तिच्या अंगावर सर्रकन काटा आला होता, कारण आदल्याच महिन्यात ती त्यांच्या तेराव्याला जाऊन जेवून आली होती.

मंदाचं काम साधं होतं. खडकओढा म्हणजे मातीचं धरण, पाऊण किलोमीटर लांबीची भिंत. मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच. ते पायथ्याच्या चरात गोळा होतं आणि एका पत्र्याच्या त्रिकोणी खाचेतून पुढे पडतं. खाचेतलं पाणी किती उंच आहे हे पट्टीनं मोजायचं, बाटलीत भरायचं, ते नितळ आहे का बघायचं आणि शहरात बसणाऱ्या अभियंता साहेबांना लेखी कळवायचं. बावीस वर्षं ती हेच करत होती.

बघायचं कसं, हे खुद्द औंढेकर साहेबांनीच शिकवलेलं. पहिल्या वर्षी ते पाहणीला आले होते. उन्हात भिंतीवरून चालत आले, तिच्या घरी भाकरी खाल्ली, ठेचा मागून घेतला आणि मग तिच्या हातातली बाटली घेऊन बाटलीच्या मागे जेवणाखाली अंथरलेलं वर्तमानपत्र धरलं.

"वाचा," म्हणाले.

तिनं पाण्यातून दिसणारी ओळ वाचून दाखवली.

"अक्षर वाचता येतंय तोवर धरण झोपलेलं आहे. ज्या दिवशी वाचता येणार नाही, त्या दिवशी ते आपलीच माती खायला लागलं असं समजा. मग माझ्या जेवणाची, झोपेची पर्वा करायची नाही. कळवायचं."

तिनं कळवलं होतं. साडेतीन वर्षांपूर्वी. अक्षर वाचता येईना म्हणून तिनं थेट फोन लावला. साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. अर्ध्या तासात गेट उघडलं, दोन दिवसांत अर्धा तलाव नदीला गेला, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की खाली तळवस्तीतल्या केवळाबाई मस्केच्या दोन म्हशी कुंपण मोडून चरात शिरत होत्या आणि पत्र्याच्या वरच्या अंगाला निवांत डुंबत होत्या. पाणी गढूळ झालं ते म्हशींनी. त्या उन्हाळ्यात अकरा गावांना टँकर लागले. साहेबांकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी खुलाशात मंदाचं नावही घेतलं नाही, सगळं स्वतःवर घेतलं. तिला मात्र एक ओळ आली, "यापुढे फोन नको. लेखी कळवावे."

त्यानंतर फक्त "पाहिले."

एकदा ती माफी मागायला शहरात गेली होती. साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर तासभर बसली. आत बैठक चालली होती. शेवटची एसटी चुकेल म्हणून उठली, परत कधीतरी येऊ म्हणून. ते परत कधी आलंच नाही.

आता, ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात, तलाव काठोकाठ भरलेला असताना, बाटलीमागचं अक्षर पुन्हा पुसट झालं होतं. चार दिवस. या वेळी तिनं चराच्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं होतं. म्हशी नव्हत्या, बेडूकसुद्धा नव्हता.

चौथ्या दिवशी तिनं पत्रात सगळं मांडलं. रुळलेल्या पद्धतीनं वहीच्या पानावर वर मधोमध श्री लिहिलं, खाली तारीख, मग मजकूर. पाझर सव्वापट. रंग मातकट. तळाशी बोटभर गाळ. तीनशे चाळीस मीटरवर भिंतीच्या पायथ्याशी नवी ओल. पानाचा फोटो काढून पाठवला.

सव्वासातला उत्तर आलं. "पाहिले."

* * *

त्या काळात पाटबंधारे खात्यात माणसंच उरली नव्हती. बेचाळीस तलावांना मिळून दोन अभियंते, तेही सतत बैठकांना. म्हणून औंढेकर साहेबांच्या एकतीस वर्षांच्या फायली यंत्राला वाचायला दिल्या होत्या. आलेली प्रत्येक चिठ्ठी, तिच्यावर त्यांनी काय लिहिलं, कोणतं गेट किती वाजता उघडलं, कोणतं पत्र बाजूला ठेवलं. यंत्राला धरणातलं काही शिकवलं नव्हतं. त्याला फक्त हे शोधायला सांगितलं होतं की कुठल्या कागदावर साहेब काय करत. ते त्यानं इतकं अचूक शोधलं की परीक्षेत शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं साहेबांशी जुळली. का जुळली, हे यंत्र सांगू शकत नव्हतं. माणूस तरी कुठे सांगू शकतो? मग गेटच्या मोटरी आणि वस्त्यांवरचे भोंगे त्याच्याच हवाली झाले. हातानं फिरवायची जुनी चाकं काढून नेली. सगळे त्याला यंत्र म्हणायच्या ऐवजी साहेबच म्हणत.

भिंतीच्या पोटात काचेच्या तंतूची तारही होती. तारेतून उजेडाचा ठिपका सोडला की त्यातला कणभर उजेड वाटेतून माघारी येतो, आणि तो ज्या जागेवरून आला तिथली माती गरम की गार हे त्याच्यावरून कळतं. तलावाच्या तळाचं पाणी गार. माती उन्हानं तापलेली. जिथे पाणी वाट काढतं तिथे तार गार पडते. तीनशे चाळीस मीटरवर तार गार पडली होती. पण दोन वर्षांपूर्वी नेमकी तिथेच घुशींनी तार कुरतडली होती, तेव्हापासून त्या भागाचे आकडे संशयित म्हणून शिक्का मारलेले होते. अशा वेळी प्रत्यक्ष बघणाऱ्या माणसाचा शब्द धरायचा, असा नियम. आणि माणूस म्हणजे मंदा.

तिनं मुख्य कार्यालयात यंत्राची देखभाल करणाऱ्या ऋतुजा वानखेडेला फोन केला. मुलगी चांगली होती, मंदाच्या निम्म्या वयाची.

"ताई, मी बघितलं सगळं," ऋतुजा म्हणाली. "खरं सांगू? साहेबांचा तुमच्यावर विश्वासच नाहीये. प्रत्येक निरीक्षकाला एक विश्वासांक असतो, शून्य ते एक. तुमचा शून्य पूर्णांक अकरा आहे. सगळ्यात तळाला."

"म्हशींमुळे?"

"म्हशींमुळे असेल. दुसरंही काही असेल. आतलं दिसत नाही ना."

"तुमच्या मोठ्या साहेबांना सांग की बाई."

"सांगितलं. ते म्हणाले, व्यवस्था काय म्हणते? मी म्हटलं, व्यवस्था म्हणते पाहिले. ते म्हणाले, झालं तर मग." ती थांबली. "ताई, एक सुचवू का? तुम्ही साहेबांशी संबंध सुधारा."

"मेलेल्या माणसाशी?"

"म्हणजे… थोडक्यात लिहा. वेळेवर लिहा. त्यांच्या जुन्या सूचनेचा उल्लेख करा, आपल्या सूचनेनुसार वगैरे. भीती वाटते, असलं लिहू नका. हळूहळू अंक वाढतो. सहा महिन्यांत शून्य पूर्णांक चारावर गेलेले लोक आहेत."

मंदानं पायथ्याच्या ओलीकडे पाहिलं. "सहा महिने," ती म्हणाली.

तरी तिनं करून पाहिलं. त्या दिवशी तीन पत्रं लिहिली. आपल्या सूचनेनुसार पाझर तपासला. आपण शिकवल्याप्रमाणे वर्तमानपत्र धरून पाहिले. तिसऱ्या पत्रात, काय वाटलं कुणास ठाऊक, शेवटी लिहिलं, "साहेब, त्या वेळी माझं चुकलं. मी बाकावर बसले होते, पण भेट झाली नाही."  तीन पत्रांना दुसऱ्या सकाळी सव्वासातला तीन उत्तरं आली. तीनही तीच.

त्याच दिवशी तिनं तहसील कार्यालयातही फोन केला. "वरून संदेश आला की पाचव्या मिनिटाला गाड्या पाठवतो, मॅडम," तिथला कारकून म्हणाला. वरून म्हणजे साहेबांकडून.

मग ती स्वतः तळवस्तीत उतरली. चौदा घरं, सोयाबीन काढून झालेलं, अंगणाअंगणात रास पडलेली. केवळाबाई ओट्यावर बसून तंबाखू मळत होती.

"आली गं बया बाटलीवाली," केवळाबाईनं लांबूनच हाक दिली. "मंदे, माझ्या म्हशी गोठ्यात हायेत बरं का! मोजून घे, दोनच्या दोन."

"मावशी, थट्टा नको. भिंत आतून पोकळ व्हायली. चार दिवस वर शाळेत जाऊन ऱ्हावा."

"चार दिवस? अन् रास कोण राखंल, तुझा साहेब?"

ओट्यामागून केवळाबाईची सून बाळाला छातीशी धरून बाहेर आली. नऊ दिवसांची बाळंतीण. "खरंच फुटंल का वो ताई?"

"तू आत हो. वारं लागंल," केवळाबाई म्हणाली. मग मंदाकडे वळून हळू आवाजात, "माय, मागल्या बारीला तुझ्या सांगण्यावर पाणी सोडलं. तवा ह्याच वस्तीनं सहा महिने टँकरमागं पळापळ केली. आता भोंगा वाजल्याबगर एक माणूस हलायचं न्हाई. तुझ्यावर राग न्हाई गं. पर भोंगा वाजू दे."

भोंगा साहेबांच्या हातात होता.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळचं मोजमाप घेऊन ती पहिल्या एसटीनं तालुक्याला गेली. तिथे शिराळे काका राहत. वीस वर्षं औंढेकर साहेबांचे बडे बाबू, त्यांची डाक उघडणारे. साहेबांच्या फायली यंत्रासाठी पानंपान फोटो काढून घेण्याचं कामही निवृत्तीनंतर त्यांच्याकडेच आलं होतं. आता मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना हिरवी पट्टी लावून ते अंगणात खाटेवर बसले होते.

"काका, साहेबांनी ऐकावं म्हणून काय करावं लागायचं?"

"कोण साहेब? आपले की ते?"

"दोन्ही."

शिराळे हसले. "अगं, आपले साहेब पत्र वाचायचे कुठं! म्हणजे वाचायचे, पण मागनं. आधी कागदाचा माथा बघायचे. सकाळी डाक पुढ्यात ठेवली की पत्त्यांसारखी पिसायचे. श्री असलं की बाजूला, चहा झाल्यावर. श्री नसलं की उभेच राहायचे. पायात चप्पल सरकवतच विचारायचे, किती?"

त्यांनी आवाज खाली आणला.

"तू लहान असशील, पण तुला ठाऊक आहे. कुणी गेल्याचं पत्र असलं की त्यावर श्री घालत नसत. असल्या बातमीच्या डोक्यावर देवाचं नाव कसं लिहायचं? घरोघर तीच रीत. आपल्या तलावांवरचे चौकीदार, मोजणीदार, सगळे जुन्या वळणाचे. सरकारी कागदावर श्री लिहा असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी लिहायचे. आणि कुणी बुडालं, भराव खचून कुणी गाडलं गेलं, की आपोआप लिहीत नसत. ठरवून नाही काही. हातच धजत नसे."

मंदाला आठवलं. ती सात वर्षांची असताना आजोळहून कार्ड आलं होतं. पोस्टमननं ते तिच्या हातात दिलं. तिनं ते उड्या मारत आईकडे नेलं. आईनं वाचलं नाही, नुसतं वर पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसली. मजकूर कुणीतरी मागाहून वाचून दाखवला. त्यानंतर आईनं तिला बजावलं होतं की कोऱ्या कागदावर आधी श्री काढल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. गणिताच्या वहीवरसुद्धा नाही.

"काका, तुम्ही ते कागद यंत्राला दिलेत. तशी पत्रं किती होती?"

"सतरा. एकतीस वर्षांत सतरा. शेवटचं माझ्याच हातचं, ते साहेबांनी वाचलं नाही." त्यांनी पट्टी सरळ केली. "मी तेव्हाच मनात म्हटलं, हे यंत्र बाकी काही शिको न शिको, एवढं शिकणार. साहेब ज्यावर हलले ते फक्त तेवढेच कागद. आणि तू तर…"

"मी भीतीचं पत्रसुद्धा श्री घालून लिहिते."

 आतून कुकरची शिट्टी झाली.

मंदा उठली तशी शिराळ्यांनी अंदाजानं तिचा हात धरला. "पोरी, तुझ्या मनात काय आलं ते कळलं मला. जित्या माणसांवर तसला कागद लिहू नकोस. मी शिकलेला माणूस आहे, पण लिहू नकोस."

"येते काका," ती म्हणाली.

* * *

खडकओढ्याला पोचली तेव्हा साडेदहा झाले होते. खाचेतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. वर्तमानपत्राचं अक्षर तर राहोच, बाटलीमागचं तिचं स्वतःचं बोट दिसत नव्हतं. तीनशे चाळीस मीटरवर माती उकळल्यासारखी वाळूचे बुडबुडे काढत होती.

ती घरात आली, वही उघडली. हात सवयीनं पानाच्या माथ्यावर गेला. तिनं तो उचलून खाली आणला आणि थेट तारीख घातली. पान उघडं वाटलं, अंगणात कुणी डोक्यावर पदर न घेता उभं असावं तसं. तिनं चार ओळी लिहिल्या. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फोटो पाठवला.

सव्वासात वाजायची वाट पाहावी लागली नाही. अर्ध्या मिनिटात फोनच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"किती?"

 त्या एका शब्दात चप्पल शोधणारे पाय ऐकू आल्यासारखे वाटले. तिनं वहीत लिहिलं, "अजून कोणी नाही. पण वस्तीत माणसे आहेत. भोंगा वाजवावा, गेट उघडावे."

"पाहिले."

ती किंचाळली. भिंतीवर, पडद्यावर, स्वतःवर. मग नवीन पान उघडलं. तारीख. त्याच चार ओळी.

"किती?"

तळवस्तीची जनगणना तिनंच केली होती, मोजायची गरज नव्हती. तिनं लिहिलं, "त्रेसष्ट."

"नावे?"

हे शिराळ्यांनी सांगितलं नव्हतं. पण असणारच. साहेब प्रत्येकाच्या घरी स्वतः पत्र लिहीत, त्यांना नावं लागत. नावांशिवाय त्यांनी कधी पुढचं पाऊल टाकलं नसेल, म्हणून यंत्रही टाकणार नव्हतं.

ती लिहायला लागली. केवळाबाई दगडू मस्के. लिहिलं आणि खिडकीतून पाहिलं, केवळाबाई खाली अंगणात रास उलथत होती, लालभडक लुगडं उन्हात चमकत होतं. संतराम मस्के. त्याचा ट्रॅक्टर चालू असल्याचा आवाज येत होता. उषा संतराम मस्के. एकेक माणूस ती कागदावर घालत होती आणि खाली ते माणूस शिंकत होतं, बोलत होतं, कुणाला तरी हाक मारत होतं. तिसाव्या नावापासून डाव्या हातानं उजवं मनगट धरून तिनं पुढची लिहिली. शेवटचं लिहिलं, "मस्के यांचे बाळ." पान पाठवलं.

"त्रेसष्टावे नाव अपूर्ण."

बाळाचं बारसं व्हायला अजून दोन दिवस होते. त्याला नावच नव्हतं. पाळण्यात घालून कानात सांगायचं नाव आता असल्या कागदावर पहिल्यांदा लिहायचं होतं, आणि ते मंदानं. तिनं डोळे मिटले. आईचं नाव हाताखाली आलं. तिनं लिहिलं, "नर्मदा."

दहा सेकंद काहीच झालं नाही. मग तळवस्तीवर भोंगा सुरू झाला, आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेटची मोटर घरघरली.

मंदा पळतच सुटली. चप्पल कुठे पडली ते तिला कळलं नाही. खाली लोक आधीच घराबाहेर आले होते. केवळाबाई म्हशींची दावी सोडत होती आणि शिव्या घालत होती. साहेबाला, धरणाला, सरकारला, मंदाला. "चल गं उषे! त्या लेकराला पदरात घे! संत्या, रास राहू दे, मुडद्या!"

त्या शब्दावर मंदानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

सव्वाबाराला वस्ती रिकामी झाली. गाड्या आल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, तीनशे चाळीस मीटरवरची भिंत आधी खाली बसली, एखादं थकलेलं जनावर बसतं तशी, आणि मग तिथून पाणी बाहेर आलं. शाळेच्या ओट्यावरून सगळ्यांनी बघितलं. चौदा घरं जायला भाकरी भाजण्याइतकाही वेळ लागला नाही. कुणी रडलं नाही. केवळाबाई मंदाजवळ आली, तिचे चिखलानं भरलेले अनवाणी पाय बघितले आणि आपल्या पायातल्या वहाणा काढून तिच्यापुढे सरकवल्या.

त्रेसष्टच्या त्रेसष्ट माणसं तिथे उभी होती. मंदानं तीनदा मोजली.

* * *

दुसऱ्या दिवशी सव्वासातला पत्र आलं. एक पान भरून.

"श्रीमती तौर, केवळाबाई मस्के गेल्याचे वाचून फार वाईट वाटले. आपण चार दिवस लिहीत होता. मी वाचले नाही. चूक माझी आहे. म्हशींच्या प्रसंगानंतर मी आपल्यावर रागावलो असे आपल्याला वाटले असेल. मी रागावलो नव्हतो. मला लाज वाटत होती. आपण बाकावर बसला होता हे मला शिपायाने सांगितले होते. मी मुद्दाम बैठक लांबवली."

मंदानं ते उभ्यानं वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं.

"हे कुठून आणलं त्यानं?" तिनं ऋतुजाला विचारलं. "खरं आहे का?"

"त्यांच्या न पाठवलेल्या मसुद्यांमध्ये असेल ताई. किंवा त्यानंच जुळवलं असेल. मलाही सांगता येणार नाही." ऋतुजाचा आवाज आनंदानं भरला होता. "तुमचा अंक माहितीय का? शून्य पूर्णांक सत्त्याण्णव! बेचाळीस तलावांत तुम्ही पहिल्या. महसूलकडे गेलेल्या मृतांच्या यादीतली नावं मी दुरुस्त करून घेते, त्याची काळजी नको. फक्त साहेबांना काही कळवू नका."

"म्हणजे?"

"ती माणसं जिवंत आहेत, हे. कळवलंत की हा दुसरा खोटा इशारा धरला जाईल. अंक शून्यावर येईल. आता तुम्ही कुठल्याही तलावावर गेलात तरी तुमचं एक अक्षर वाया जाणार नाही. राहू दे ना असंच."

मंदानं राहू दिलं. रोज सव्वासातला पत्र येत होतं, दर दिवशी एका माणसाचं. संतरामचं. उषाचं. अशी पत्रं मिळावीत म्हणून ती साडेतीन वर्षं झुरली होती. साहेब तिला आता मनातलं सांगत होते. थकव्याचं, एकटेपणाचं, सही करताना थरथरणाऱ्या हाताचं. आणि खाली शाळेत केवळाबाई चुलीवरून सगळ्यांवर ओरडत होती. बाळाचं बारसं शाळेतच झालं. नाव दुसरंच ठेवलं, आणि मंदाला हायसं वाटलं.

अकराव्या दिवशी नर्मदाचं पत्र आलं. क्रम सोडून. "या बालिकेचे वय आपण कळवले नाही. मी नऊ दिवस असे धरले, कारण आपण आधी तिला नाव दिले नव्हते. मला तिच्यापाशीच थांबावेसे वाटते. पुढची पत्रे लिहिता येत नाहीत."

मंदानं पडद्यावर हात ठेवला. काच कोमट होती. माणूस रडतो आणि थांबतो. जेवतो, झोपतो, विसरतो. याला यातलं काही येत नव्हतं. आपण ज्याला जवळ आणलं त्याला आपण कशात ढकललं आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. ही माफीही तिला नव्हतीच. ती त्या मेलेल्यांच्या यादीला होती.

ऋतुजाला न विचारता तिनं वही उघडली आणि सगळं लिहिलं. त्रेसष्ट माणसे जिवंत आहेत. बाळ रोज दूध पिते. आपण भोंगा वाजवलात म्हणून वाचली. मी खोटे लिहिले, कारण खरे लिहिले ते आपण वाचत नव्हतात.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऋतुजाचा फोन आला. "ताई, काय केलंत हो? अंक दिसतच नाहीये. शून्यसुद्धा नाही, नुसती रिकामी जागा."

तिसऱ्या दिवशी, दुपारी, भलत्याच वेळी पत्र आलं.

"त्रेसष्ट जण जिवंत असल्याचे वाचले. समाधान वाटले. यावरून असे दिसते की अशा पत्रांतील माणसे नंतर जिवंत आढळू शकतात. हे मला ठाऊक नव्हते. माझ्याकडे अशी आणखी सतरा पत्रे आहेत. त्यांतील नावे सोबत जोडत आहे. आपण प्रत्यक्ष जाऊन पाहता आणि खोटे लिहिले तरी नंतर खरे सांगता, म्हणून आपल्यालाच विचारतो. ही माणसेही कुठे शाळेत वगैरे थांबली असल्यास कृपया कळवावे. सतरावे पत्र शिराळे यांच्या हातचे आहे. त्यात एकच नाव आहे. ते माझे आहे."

खाली यादी होती. एकेचाळीस नावं.

 मंदानं खुर्ची पुढे ओढली. विहिरीत उतरलेला एक माणूस होता, भरावाखाली सापडलेल्या दोन बहिणी होत्या, पुरात गेलेलं एक अख्खं घर होतं. काही तिला माहीत होते, काही विचारून घ्यावे लागले. शिराळे काकांना तिनं दोनदा फोन केला. प्रत्येक नावापुढे ते माणूस कधी आणि कसं गेलं ते तिनं लिहिलं, सावकाश, नीट अक्षरात, आजाऱ्याच्या उशाशी बसून सांगावं तसं.

शेवटच्या नावापर्यंत यायला उन्हं कलली. ते नाव तिनं लिहिलं. पुढे काय लिहायचं ते तिला ठाऊक होतं. ती त्या तेराव्याला जेवून आली होती. पण पेन बराच वेळ तिथेच टेकलेलं राहिलं, आणि कागदावर शाईचा ठिपका हळूहळू पसरत गेला.